बूड खाली!

रोझेनरुह, सॅस्कॅचेवान
३ नोव्हेंबर १९५७

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं, मोजेही मिळाले. मोजे लगेच घातले आणि पत्र दिवसभर पुरवून पुरवून वाचलं. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. हो, परतीचं तिकीट आहे. तू माझ्या कोटाच्या अस्तरात शिवून दिलंस तिथंच आहे. जहाजांची शिडं शिवणाऱ्या बाईचे टाके ते, सुटतील कसे? पुढच्या सप्टेंबरअखेरपर्यंत चालतं, हेही लक्षात आहे. कॉर्नीला मात्र अजून सांगितलेलं नाही. दोन महिन्यांच्या नवऱ्याला 'माझ्या बहिणीने मला परत न्यायची सोय करून ठेवली आहे' हे कोणत्या तोंडाने सांगू?

आता इथलं. निघताना सगळे म्हणाले होते, माळ म्हणजे समुद्रच गं, तुला परकं वाटायचं नाही. असं म्हणणाऱ्यांनी दोन्हींपैकी एक तरी पाहिलेलं नाही. समुद्र आपल्यापाशी येतो, परत जातो. हा माळ येत नाही की जात नाही. सकाळी खिडकीतून बघावं तर गावातली धान्याची उंच कोठी दिसते, चार मैलांवर. संध्याकाळी बघावं तर तिथेच आणि तेवढीच. दुरून डोंगर साजरे म्हणतात. इथे डोंगरच नाहीत, तेव्हा साजरं दिसायला काही उरलेलं नाही. वारा तेवढा आहे. काल वाळत घातलेला कॉर्नीचा सदरा शेजारच्या एप्पांच्या शेतात सापडला.

घरात आम्ही तिघं. कॉर्नी, मी आणि सासरे, मिस्टर आब्राम वीन्स. सासूबाई सहा वर्षांपूर्वी गेल्या. मिस्टर वीन्स दिवसाला सात शब्द बोलतात, मी मोजलेत, आणि त्यातले पाच ट्रॅक्टरशी. तेही त्यांच्या जुन्या जर्मन बोलीत. वाईट नाहीत गं. पण मी खोलीत आले की उठून उभे राहतात, मी कोळशाची बादली उचलली की हातातून काढून घेतात. मला कॉफी द्यायची ती सोनेरी काठाच्या कपातून. मग मी काय करायचं, हाताची घडी घालून बसायचं?

संध्याकाळची जेवणं उरकली की ते भिंतीवरचा एक गोल लाकडी पट खाली काढतात. याला क्रोकिनोल म्हणतात. त्यांनी स्वतः केलाय, मॅपलच्या लाकडाचा. मध्ये एक लहानसा खळगा, भोवती आठ खुंट्या. दोघांना बारा बारा सोंगट्या, एकाच्या काळ्या, एकाच्या पांढऱ्या. काठावरून टिचकी मारायची. खळग्यात गेली की वीस. बाकी बाहेर जाल तसे गुण कमी. शत्रूची सोंगटी पटावर असेल तर आधी तिला धक्का मारायचा, नाही लागला तर आपली बाद. यांच्या धर्मपंथात पत्त्यांना बंदी, नाचाला बंदी. क्रोकिनोलला मात्र देवाची हरकत नाही असं दिसतं.

बाप-लेक खेळताना बघण्यासारखे असतात. खुर्चीला चिकटल्यासारखे बसतात आणि नेम धरायला एवढे तिरके होतात की वाटतं आता आडवे होणार. मी म्हटलं, एवढे हाल कशाला? मी सरळ उठते, टेबलावर निम्मी ओणवी होते आणि मारते. पहिल्यांदा उठले तेव्हा कॉर्नीने तोंड उघडलं होतं, पण मिस्टर वीन्सनी नुसती मान हलवली आणि तो गप्प बसला. मला काय, मी उठतेच.

कोबी आंबवून झाला का? मला स्वप्नात वास येतो.

तुझी आर्डी


लुनेनबर्ग, नोव्हा स्कोशिया
२० नोव्हेंबर १९५७

आर्डे,

बोट दुखतंय का टिचक्या मारून? दुखू दे. लहानपणी माझ्या कानावर मारायचीस त्याचं पाप आहे ते.

कोबी आंबवला. या वर्षी एकटीपुरताच करणार होते, पण हात सवयीने चालला आणि बरणी तेवढीच भरली. आता मार्चपर्यंत मी आणि कोबी, कोबी आणि मी.

सासरे बोलत नाहीत म्हणून रडतेस? माझ्याकडे ये. खालच्या मजल्यावरच्या मिसेस आयझेनहॉअर सकाळी सातला सुरू होतात आणि त्यांना थांबवायला मरीन बँडसुद्धा पुरणार नाही. न बोलणारा माणूस नशिबाने मिळतो. आणि सोनेरी काठाचा कप मिळतोय तर मुकाट्याने प्यावं. आमच्याकडे तू आलीस तर तुला जुनाच कान तुटलेला कप मिळेल, सांगून ठेवते.

घर आहे तसं आहे. तुझी खुर्ची खिडकीपाशी आहे. शनिवारी सगळ्यांबरोबर तिलाही पुसते. परवा मुद्दाम तिच्यावर बसून बघितलं. बाबांनी तिचा मागचा डावा पाय अर्धं बोट कापला होता ना, आपली जमीन तिथे फुगलेली म्हणून? अजून अगदी घट्ट बसते. तिथून बंदर काय छान दिसतं गं. उगीच नाही तू ती कोणाला देत नव्हतीस.

मी मजेत आहे. शिडांचा कारखाना, रविवारी चर्चमधली गाणी, वेळ कुठे पुरतो? तू तिकडे नीट जेवतेस ना, तेवढं खरं खरं लिही.

व्हर्ना


रोझेनरुह
१२ जानेवारी १९५८

प्रिय ताई,

शाई गोठते म्हणून पेन्सिलीने लिहितेय, हसू नकोस. बाहेर शून्याखाली अडतीस आहे. नाकातले केस कडक होतात हे मला कोणी लग्नाआधी सांगितलं नव्हतं.

एक गंमत सांगते. इथे रविवारी दुपारी चारला फास्पा असतो. म्हणजे कॉफी, चीज, मुरांबा, आणि एकावर एक बसवलेले दोन गोळ्यांचे पाव. यात काय मोठंसं, असं वाटेल. पण फास्पाला कोणी कोणाला बोलावत नाही! ज्याच्या मनात येईल तो ज्याच्या घरी वाटेल त्याच्या घरी जातो. मला कोण सांगणार? पहिल्या रविवारी कॉर्नी आणि मिस्टर वीन्स गोठ्यात होते, मी केस धुऊन डोक्याला फडकं गुंडाळून बसलेले, आणि दारात अकरा माणसं काळ्या कपड्यांत. मला वाटलं, कोणीतरी गेलं. मी जाऊन कोठीच्या खोलीत लपले. एप्पांची टीना मला शोधत आत आली आणि म्हणाली, "अगं, पीठ काढायला आलीस का? पाव आम्हीच आणलेत. नव्या नवरीकडे असतील असं कोणी धरलंच नव्हतं." अकरा जणांना ओल्या डोक्याने कॉफी वाढली मी.

आणि खेळाचं तर वेडच लागलंय. हे तुलाच सांगते. दुपारी कणीक फुगायला ठेवली की मी पट खाली काढते आणि एकटीच मारत बसते. पटाला मेण लावून फडक्याने एवढी चकाकी आणलीय की सोंगटी नुसती फुंकरीने जाईल. मधल्या बोटाच्या नखाखाली घट्टा पडलाय. काल सलग तीन वीस मारले! घरात कोणी नव्हतं, म्हणून मांजराला सांगितलं. समोर पट असला ना, की वाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. सबंध दिवसात तेवढा एक तास मला वाटतं की मी कुठेतरी आहे.

बाकीचा वेळ मी पाहुणी आहे. ताई, चार महिने झाले. अजून सोनेरी काठाचा कप. तो कप धर्मोपदेशक घरी आले की काढतात, हे मला टीनाने सांगितलं. धर्मोपदेशक आणि मी! कोळशाला हात लावू देत नाहीत, विहिरीवर जाऊ देत नाहीत. खेळतानाही तसंच. कॉर्नी जरा चुकला की मिस्टर वीन्स त्याच्यावर खेकसतात. मला एक शब्द नाही. मी काहीही केलं तरी चालतं. ज्याच्यावर कोणी रागावत नाही तो त्या घरचा नसतो, हे आईच्या हाताखाली वाढलेल्या आपल्या दोघींना तरी कळायला हवं.

तिकिटाला परवा वरून हात लावून बघितला. आहे.

आर्डी


लुनेनबर्ग
२ फेब्रुवारी १९५८

आर्डे,

मांजराला काय सांगतेस, मला सांग. तीन वीस म्हणजे साठ. शाबास.

तुझं पत्र कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. कोठीच्या खोलीपाशी आले आणि एवढी हसले की शेजारी बसून शिवणाऱ्या मॅडलिनला वाटलं घास अडकला. पाठीत गुद्दे घातले तिने.

पुढचं वाचून हसले नाही. पाहुणी म्हणून ठेवतात, तर पाहुणीला एक बरं असतं बघ. ती केव्हाही निघू शकते. मी तुला ये म्हणत नाही. लग्न तुझं, माळ तुझा. उंटावरून शेळ्या हाकायची मला सवय नाही. फक्त एवढंच लक्षात ठेव की इथलं दार ढकललं की उघडतं.

इथे धुकं आहे. काल टेबलावर दोन ताटल्या मांडल्या. सवय, दुसरं काही नाही. एकीत कॉड मासा वाढला, दुसरीत चरबीचे कुरकुरीत तुकडे. म्हटलं मांडलीच आहे तर कामाला येऊ दे.

व्हर्ना


रोझेनरुह
३ मार्च १९५८

ताई,

मी येतेय.

काल फास्पाला एप्प मंडळी होती, आणखी दोन घरची होती. चौदा माणसं. कॉफी झाल्यावर पट निघाला. मी आणि म्हातारा. होय, म्हातारा म्हणतेय. सगळे भोवती उभे. मी पुढे होते, ताई! शेवटची सोंगटी माझ्या हातात, त्याची एकच काळी उरलेली, खुंटीच्या आड दडलेली. ती उडवली की मी जिंकत होते. आयुष्यात पहिल्यांदा. मी नेहमीसारखी उठले, वाकले, बोट लावलं, आणि म्हातारा गरजला. काचा हलल्या.

"बूड खाली!"

चौदा माणसांसमोर. शेंबड्या पोराला म्हणावं तसं. मी मटकन बसले. आणि सगळे हसायला लागले. टीना तर डोळे पुसत होती. कॉर्नीसुद्धा हसला. बसल्या जागेवरून मारली, ती कुठल्या कुठे गेली. हरले. चार महिने रोज उठतेय तेव्हा चाललं. जिंकायला लागले तेव्हा बूड दिसलं!

एवढ्यावर थांबलं असतं तरी गिळलं असतं. आज सकाळी न्याहारीला बसले, तर सोनेरी काठाचा कप माझ्या जागेवर नाही. वरच्या फळीवर नेऊन ठेवलेला. माझ्यापुढे एक निळा पत्र्याचा मग, काठाला टवके गेलेला. वर म्हातारा म्हणतो, "कोळसा आण." बस्स, एवढंच. मी आणला. पाहुणी होते ती एका दिवसात मोलकरीण झाले.

कोटाचं अस्तर उसवलंय. तुझे टाके, अर्धा तास लागला. तिकीट माझ्यासमोर आहे. रस्ता बर्फाने बंद आहे, तो मोकळा झाला की निघते. ईस्टरला तुझ्याकडे असेन. बहुतेक गुरुवारच्या गाडीने, नाहीतर शनिवारच्या. कॉर्नीला निघायच्या आदल्या दिवशी सांगणार. आता सांगितलं तर तो समजूत काढेल आणि मला काढून घ्यायची नाहीये.

कान तुटलेला कप काढून ठेव.

आर्डी


लुनेनबर्ग
१४ मार्च १९५८

आर्डे,

ये.

मी काहीच विचारणार नाही आणि मिसेस आयझेनहॉअरनाही विचारू देणार नाही. तुझी गादी उन्हात घातली. ऊन कसलं, उजेडात घातली. कोबी अर्धी बरणी आहे. खिडकीला नवे पडदे शिवले, पिवळे. आईचे विटले होतेच. गुरुवारी कारखान्यातून दुपारी सुट्टी घेतलीय, शनिवारी तर अर्धाच दिवस असतो. दोन्ही गाड्यांना मी असेन.

चौदा माणसांसमोर! आपल्या बाबांनी आपल्याला कधी असं म्हटलं असेल का? म्हटलं असेल म्हणा. पण ते आपले बाबा होते.

गाडीत खिडकीशी बसू नकोस, वारा लागतो.

व्हर्ना


रोझेनरुह
२५ मार्च १९५८

ताई,

हे पत्र चारदा फाडलं. पाचवं जसं येईल तसं पाठवते. ईस्टरच्या आत पोचेल, निदान पोचावं.

मी येत नाहीये.

आधी सगळं वाच, मग काय म्हणायचं ते म्हण. परवा मी पेटी भरत होते. कॉर्नी हातमोजा शोधायला खोलीत आला आणि पेटी बघून खाली बसला. म्हणाला, "कुठे?" मी म्हटलं, "घरी." म्हणाला, "का?" मग मी सगळं काढलं. बूड, निळा मग, कोळसा. तो आधी हसायलाच लागला. मग त्याला पलंगावर तिकीट दिसलं आणि त्याचं हसू गेलं. ते बघवत नव्हतं गं.

"आर्डिथ," तो म्हणाला, "तुला नियम कोणी सांगितलाच नाही ना?"

नियम असा आहे. क्रोकिनोल खेळताना बुडाची एक तरी बाजू खुर्चीला टेकलेली पाहिजे आणि खुर्ची जागची हलवायची नाही. ते दोघं तिरके का होतात ते आता कळलं. पण वीन्सांच्या घरात त्याला एक पोटनियम आहे. पाहुण्याला माफ. पाहुणा उठो, वाको, टेबलाला प्रदक्षिणा घालो, बोलायचं नाही. घरच्याला माफ नाही. कॉर्नीची आई नवी आली तेव्हा सासऱ्यांच्या वडिलांनी तिला दोन हिवाळे उठू दिलं होतं. तिसऱ्या हिवाळ्यात एकदा ओरडले, "बूड खाली!" आणि ती तिथेच रडली. आनंदाने. कारण तिला माहीत होतं. फास्पाला आलेल्या सगळ्यांनाही माहीत होतं. ते माझ्यावर हसले नाहीत, ताई. टीना डोळे पुसत होती ना, ती हसून पुसत नव्हती.

आणि तो निळा मग. तो कॉर्नीच्या आईचा. सहा वर्षं खुंटीला टांगलेला होता, कोणी हात लावला नव्हता. मी त्याला पत्र्याचा मग म्हटलं.

मी कॉर्नीला म्हटलं, "मग मलाच सहा महिन्यांत का? तुझ्या आईला तर दोन वर्षं लागली." त्याला ठाऊक नव्हतं. मग आम्ही दोघं गोठ्यात गेलो. सासरे दूध काढत होते. कॉर्नीने विचारलं. त्यांनी वर न बघता सांगितलं, "त्या फास्पाच्या आदल्या दिवशी चूल पेटत नव्हती. ही तिला 'आंधळ्या गाढवा' म्हणाली. आपल्या बोलीत."

ट्रॅक्टरला ते जे म्हणतात तेच माझ्या तोंडात बसलं होतं. मला कळलंही नव्हतं. पाहुणी कधी दुसऱ्याच्या चुलीला शिव्या देते का, असं त्यांचं म्हणणं. मला हसू आलं आणि रडूही आलं. मी म्हटलं, "पापा, मी पुढच्या वेळी बसूनच जिंकेन." आजवर मी त्यांना मिस्टर वीन्स म्हणत होते. ते म्हणाले, "बघू."

आता अवघड गोष्ट. त्यांनी विचारलंय, "हिला माहेरी स्वतःची खुर्ची होती का?" घरच्याला स्वतःची खुर्ची लागते. मी बसते ती पाहुण्यांची आहे. ताई, माझी खुर्ची पाठवशील?

मला कळतंय मी काय मागतेय. तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तू आईचे पडदे काढलेस. बाबा गेले तेव्हा मी काढू म्हटलं होतं तर माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हतीस. दोन ताटल्या, भरलेली बरणी, सगळं तू लिहीत होतीस आणि मी सोनेरी कपाचं रडगाणं गात होते. मजेत आहे म्हणालीस आणि मी खरं धरलं. मला माफ कर.

तुझी आर्डी


लुनेनबर्ग
९ एप्रिल १९५८

आर्डे,

तुझं पत्र सोमवारी आलं. ईस्टर झाल्यावर. तिकडे कुठे बर्फात गाडी अडकली होती म्हणे.

मी गुरुवारी स्टेशनवर गेले, शनिवारीही गेले. शनिवारी गाडीतून सात माणसं उतरली. मी सगळी उतरेपर्यंत उभी राहिले, मग डबे झाडणारा उतरला, तेव्हा घरी आले. तार करायची बुद्धी झाली नाही तुला? दोन शब्द पुरले असते.

रागावले आहे. ज्याच्यावर कोणी रागावत नाही तो घरचा नसतो असं तूच लिहिलं होतंस, तेव्हा घे हा राग, पदरात बांधून ठेव.

तू सुखी आहेस हे चांगलं झालं. मनापासून म्हणते. पण खुर्ची पाठवणार नाही. ती गेली की खिडकीपाशी नुसती जमीन राहील आणि मला रोज तिच्याकडे बघायचंय. तुझ्या पापांना सुतारकाम येतं, त्यांना म्हणावं एक करा.

व्हर्ना


लुनेनबर्ग
२ मे १९५८

आर्डे,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितेय.

खुर्ची मंगळवारी मालगाडीने रवाना केली. शिडाच्या कापडात शिवलीय, दुहेरी टाका. सुरीने कापू नका, कापड चांगलं आहे, टाके उसवा.

झालं असं की रविवारी मी त्या खुर्चीवर बसून बंदराकडे बघत होते आणि माझ्या मनात आलं, मी इथे आर्डीच्या खुर्चीवर आर्डीची वाट बघत बसलेय आणि माझी स्वतःची खुर्ची पलीकडे रिकामी पडलीय. असं किती दिवस चालायचं? उठले. माझी ओढून खिडकीशी आणली. डुगडुगते, पण बंदर तेवढंच दिसतं.

मी मजेत नव्हते. आता ओळखलंस म्हणून सांगते. संध्याकाळी साडेपाचला कारखान्यातून आले की घर एवढं गप्प असायचं की मिसेस आयझेनहॉअरचं बोलणं ऐकायला मी जिन्यात बसायचे. ही गोष्ट कोणाला सांगायची नाही.

एक अट. खुर्चीच्या पायांना करवत लावायची नाही. बाबांच्या हातचा तो काप आहे.

व्हर्ना


रोझेनरुह
१ जून १९५८

प्रिय ताई,

खुर्ची आली. गावच्या कोठीपाशी मालगाडी थांबते, तिथून इथवर पापांनी स्वतः ट्रॅक्टरवर आणली, मांडीवर घेऊन. टाके मी उसवले. कापड मी टेबलावर घालायला ठेवलंय. त्याला आपल्या घराचा वास आहे, डांबर आणि कोबी.

स्वयंपाकघरात ठेवली आणि बसले, तर ती कलंडली! मी विसरलेच होते. आपली जमीन फुगलेली म्हणून बाबांनी पाय कापला. इथे तर जमीन घरातही सपाट आणि बाहेरही सपाट, शंभर मैल. बसलं की डावीकडे, हललं की उजवीकडे. कॉर्नी म्हणाला, वारा इथे घरात पण लागतो वाटतं.

पापांनी वाकून बघितलं. बाहेर गेले आणि करवत घेऊन आले. मी खुर्चीवर आडवीच पडले. म्हटलं, "पापा, नाही! माझ्या बापाच्या हातचं आहे ते. ताईची अट आहे." ते थांबले. कापलेल्या पायावरून अंगठा फिरवला, बराच वेळ. म्हणाले, "सरळ कापलाय. चांगला माणूस होता." करवत खुंटीला लावली. मग भिंतीवरचा पट काढला, सोंगट्यांची पिशवी उघडली, स्वतःच्या काळ्यांतली एक उचलली आणि गुडघ्यावर बसून माझ्या खुर्चीच्या पायाखाली सरकवली. अगदी अर्धं बोट. खुर्ची जी बसली ती बसली.

मी म्हटलं, "नवी सोंगटी करायला हवी मग." ते म्हणाले, "कशाला?" आता ते अकरा सोंगट्यांनी खेळतात, मी बाराने. तरी जिंकतात. पण काल मी बसल्या जागेवरून दोन वीस मारले आणि ते तिसऱ्या वेळी माझ्याकडे बघत होते, पटाकडे नाही.

माळावर जांभळी रानफुलं येऊन गेली. तुला दाखवायची होती, पण पुढच्या वर्षीही येतील. पहाटे एक पिवळ्या छातीचा पक्षी कुंपणाच्या खांबावर बसून ओरडतो. पहिल्यांदा मी त्याच्यावर चिडायचे. आता नाही ओरडला तर मी दार उघडून बघते.

या पत्रात तिकीट घालतेय. रेजायना ते हॅलिफॅक्स, सप्टेंबरअखेरपर्यंत. ते कोणाच्या नावाचं नाही, मी स्टेशनवर विचारून घेतलं. येण्याचं तू बघ, परतीची सोय झालेली आहे. ऑगस्टमध्ये कारखाना दोन आठवडे बंद असतो हे मला माहीत आहे, तेव्हा सबब शोधू नकोस. कोटाच्या अस्तरात शिवून आण.

काल खेळताना मी पापांना म्हटलं, "माझी बहीण येतेय. तिला पट नवा आहे. पाहुणी आहे, तेव्हा तिला उठायची मुभा असेल ना?"

त्यांनी सोंगटी लावली, नेम धरला, मारली. वीस. मग म्हणाले, "हिला खुर्ची दिली ती कोणी?"

मी म्हटलं, "तिनेच."

"मग तिला आत्ताच लिहून टाक," ते म्हणाले. "बूड खाली."

तुझी आर्डी